ॲक्टिव्ह बेस आणि पेडल: काय झेपतं, काय फाटतं

पॅसिव्ह बेस गिटारवर वर्षभर छान वाजलेलं पेडल (आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी), ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला बेस जोडला की चरचरायला लागतं. ई तार जरा जोरात छेडली की स्वराची सुरुवातच फाटते आणि मागे नुसती घरघर उरते. मग माणूस पेडलला दोष देऊन दुसरं शोधायला लागतो, आणि बऱ्याचदा तेवढंच नाजूक दुसरं घेऊन येतो. तुमच्याकडे ॲक्टिव्ह बेस आहे, एक किंवा फार तर दोन पेडलं घ्यायची आहेत आणि नावं ऐकून ऐकून डोकं भंजाळलंय, असं धरून हा आढावा लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पेडलचा आवाज कसा आहे हे दुसऱ्या फेरीत बघा. पहिल्या फेरीत दोनच गोष्टी बघायच्या: तगडा सिग्नल त्याला झेपतो का, आणि तुमचा खर्ज ते गिळून टाकतं का.

बेसच्या पोटात काय चाललंय

पॅसिव्ह बेसमध्ये पिकअपचा (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाचा) सिग्नल व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबमधून थेट केबलमध्ये जातो. ॲक्टिव्ह बेसमध्ये मधे एक छोटा प्रीअँप (सिग्नल तगडा करणारं सर्किट) बसलेला असतो. तो 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, काही बेसमध्ये दोन बॅटऱ्या मिळून 18 व्होल्ट असतात. 1976 साली म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला आणि ही रचना सर्वसामान्य वादकांपर्यंत पोचली.

या प्रीअँपचा एक मोठा फायदा आहे. त्याचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलच्या वाटेतला विद्युत अडथळा) कमी असल्यामुळे लांब केबलमध्ये ट्रेबल मरत नाही. वेगळं बफर पेडल (सिग्नल केबलमध्ये टिकवून धरणारं) घ्यायचा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर तो खर्च वाचवा. बफर तुमच्या बेसमध्येच आहे.

दुसरी बाजू त्याच्या नॉबमध्ये आहे. 6 डेसिबल वाढवले की व्होल्टेज दुप्पट होतं, 12 वाढवले की चौपट. म्हणजे बेसवरचा खर्जाचा (बेस) नॉब पूर्ण फिरवून तुम्ही अंगठ्याने ई तारेवर थाप मारता, तेव्हा 9 व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला त्याच्या कुवतीच्या काठावरचा झटका बसतो. अनेक पेडलं गिटारच्या सिग्नलचा अंदाज बांधून केलेली असतात. त्यांना हे झेपणार कसं?

इथे बॅटरीबद्दल बोलायलाच हवं, कारण मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. सरावात ड्राइव्ह पेडल (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं) अचानक बिनसलं. स्वर लागताना ठीक वाटायचा, पण विझत जाताना तडतडायचा, ओली काडी जळावी तसा. मी केबल बदलल्या, अडॅप्टर बदलला, पेडलांचा क्रम उलटापालटा केला. शेवटी बेस सरळ अँपमध्ये लावला, तर तडतड तशीच! बॅटरी संपत आली होती. आदल्या रात्री केबल बेसमध्येच राहिली होती, आणि बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये जॅकमध्ये केबल घातली की बॅटरीचं सर्किट चालू होतं, वाजवा किंवा नका वाजवू. पेडलबद्दल काहीही ठरवण्याआधी नवी बॅटरी घाला. हे मी कळकळीने सांगतोय.

ओव्हरड्राइव्ह: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

बेसची उघडी ई तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, पाच तारांच्या बेसची बी तार 31 च्या. ड्राइव्ह पेडल सिग्नलचे उंचवटे कापतं, म्हणजे नेमका थापेतला दणकाच कापला जातो. म्हणून ड्राइव्हबरोबर मूळ स्वच्छ आवाज मिसळता येणं, म्हणजे ब्लेंडचा नॉब असणं, मी अट मानतो. ब्लेंड नसलेलं पेडल एकट्याने वाजवताना जबरदस्त वाटतं, आणि ड्रमर आला की बेस गेला कुठे असं होतं.

बॉसच्या ओडीबी-3 मध्ये ही सोय बॅलन्स या नावाने आहे. पेडल दणकट आहे आणि खर्ज राखतं. पण त्याच्या वरच्या पट्ट्यात किरकिर आहे, आणि ॲक्टिव्ह बेसचा ट्रेबल वाढवलेला असेल तर ती आणखी बोचते. ते घेतलंत तर बेसवरचा ट्रेबल थोडा उतरवूनच वाजवा.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बेस सोल फूड मला ॲक्टिव्ह बेसवाल्यासाठी जास्त समंजस वाटतं. त्यात ब्लेंड आहे आणि शिवाय आत येणारा सिग्नल कमी करणारा पॅडचा स्विच आहे. तो दाबला की ड्राइव्हच्या नॉबला पुन्हा अर्थ येतो. पॅड नसला तर नॉब शून्यावर असतानाच आवाज खरखरीत असतो आणि पुढच्या फेऱ्यात फरकच कळत नाही. स्वभाव मात्र सौम्य आहे. भिंत हादरवणारा आवाज हवा असेल तर हे तुमचं पेडल नाही.

ती भिंत डार्कग्लासच्या बी3के मध्ये मिळते. फिनलंडच्या या कंपनीने आधुनिक हेवी बेसचा आवाजच घडवला असं म्हटलं तरी चालेल. ब्लेंड आहे, शिवाय ग्रंट आणि अटॅक असे दोन स्विच आहेत: खालच्या आणि वरच्या भागातला किती सिग्नल ड्राइव्हमध्ये जाऊ द्यायचा ते त्यावर ठरतं. ॲक्टिव्ह बेसवर ग्रंट कमी ठेवा, नाहीतर खालचा भाग चिखल होतो. दोन गिटारांच्या बँडमध्ये वाजवणार असाल तर मी हे निवडेन. बाकी सगळ्यांना सोल फूड.

फझ: इथे फसगत होते

फझ म्हणजे ड्राइव्हपेक्षाही जास्त फाटलेला, भरड आवाज. 1966 मध्ये आलेलं फझ फेस आणि त्याच्या धर्तीची पेडलं ॲक्टिव्ह बेससाठी टाळा. त्यांचा इनपुट इम्पिडन्स फार कमी असतो, त्यामुळे पॅसिव्ह पिकअप जणू त्याच सर्किटचा भाग होतो. बेसचा व्हॉल्यूम उतरवला की फझ मऊ होत जातो, ती जादू या नात्यातून येते. ॲक्टिव्ह प्रीअँप मधे आला की हे नातं तुटतं. आवाज पातळ आणि कर्कश होतो, व्हॉल्यूम उतरवूनही मऊपणा येत नाही. पॅसिव्ह बेसवाले ‘फझ सगळ्यात आधी लावा’ म्हणतात. तुमच्याकडे फझच्या आधी बफर कायम असणारच, त्यामुळे तो सल्ला तुम्हाला उपयोगाचा नाही.

तुमच्या बेसवर ॲक्टिव्ह-पॅसिव्ह असा स्विच असेल तर फझपुरतं पॅसिव्हवर जा. पण पिकअपच ॲक्टिव्ह असतील तर तो मार्ग बंद.

मग इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बिग मफ हे फझ. त्याचं सर्किट समोरून येणाऱ्या सिग्नलबाबत एवढं हळवं नाही. साध्या बेस बिग मफमध्ये स्वच्छ आवाज मिसळायला एक स्विच आहे, पण तो किती मिसळायचा हे नीट ठरवता येत नाही. डिलक्स आवृत्तीत ब्लेंडचा नॉब आहे आणि इनपुटला 10 डेसिबलचा पॅडही आहे. बोर्डवर जागा जास्त खाते, तरी मी डिलक्सच घ्यायला सांगेन. अर्धवट सोय घेऊन वर्षभराने बदलण्यापेक्षा ते बरं.

कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसर जोराचे स्वर दाबून सगळे सारख्या जोराचे करतो. स्लॅप (अंगठ्याने तारेवर थापा मारत) वाजवणाऱ्याने पहिलं पेडल म्हणून हेच घ्यावं. एमएक्सआरच्या एम87 मध्ये अटॅक (किती लवकर दाबायचं) आणि रिलीज (किती लवकर सोडायचं) वेगळे आहेत, 4:1 पासून 20:1 पर्यंत रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) निवडता येतो, आणि आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारी दिव्यांची रांग आहे. ही रांग शिकणाऱ्याचा गुरू आहे. ॲक्टिव्ह बेस जोडून खर्जाचा नॉब मधल्या खाचेतून थोडा पुढे न्या: प्रत्येक ई तारेला सगळे दिवे पेटतात, जी तारेला दोन-तीनच. खर्जच कॉम्प्रेसरला दाबून टाकतो आणि वरच्या स्वरांनाही सोबत खाली ओढतो, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. इनपुटचा नॉब खाली आणला की ठीक होतं.

बॉसचा बीसी-1एक्स खालचे आणि वरचे पट्टे वेगवेगळे दाबतो, त्यामुळे ही अडचण त्याला कमी येते. नॉबही कमी आहेत. लावा आणि विसरा, असा त्याचा स्वभाव. शिकायचं असेल तर एम87, फक्त वाजवायचं असेल तर बीसी-1एक्स.

प्रीअँप पेडल खरंच हवं का?

फक्त टोन बदलायला नको, तो प्रीअँप तुमच्या बेसमध्ये आहेच. दर ठिकाणी वेगळ्या अँपवर किंवा थेट मिक्सरवर वाजवावं लागत असेल तर डीआय आउटपुटसाठी (थेट मिक्सरला जोडायच्या आउटपुटसाठी) जरूर घ्या. टेक 21 चं सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय यात सर्वांत परिचित. पण त्याच्या जुन्या आवृत्तीत मिडचा (मधल्या पट्ट्याचा) नॉब नाही, आणि मिड मुळातच खाली दबलेले आहेत. तुमच्या बेसवर फक्त बेस आणि ट्रेबल असे दोनच नॉब असतील आणि दोन्ही वर असतील, तर मिड दोनदा खणले जातात. खोलीत एकट्याने वाजवताना तो आवाज मखमली वाटतो, बँडमध्ये मात्र कुणाला ऐकूच येत नाही. दुसऱ्या आवृत्तीत मिड आलाय, तीच घ्या.

फिल्टर, ऑक्टेव्ह, कोरस

एन्व्हलप फिल्टर, म्हणजे स्वराला ‘वॉव’ असं वळण देणारं पेडल, तुमच्या बोटांच्या जोरावर उघडतो. ॲक्टिव्ह बेसच्या जोरावर तो सतत उघडाच राहतो, आणि ‘वॉव’ ऐवजी नुसता ‘वॅ’ येतो. एमएक्सआरच्या एम82 मध्ये सेन्सिटिव्हिटीचा नॉब आहे, शिवाय मूळ आणि फिल्टर केलेला आवाज वेगवेगळा वाढवता येतो. हा माझा पहिला पर्याय. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा लहान बासबॉल्स फिल्टर मजेशीर आहे पण त्याला आवर घालायला एकच नॉब आहे. फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी लावा, नाहीतर सगळे स्वर सारख्याच जोराचे होऊन फिल्टरला हलायला कारण उरत नाही.

ऑक्टेव्हमध्ये (स्वर सप्तकभर खाली नेणाऱ्या पेडलांत) बॉसचं 1982 चं ओसी-2 अजून लोक शोधत असतात. ते एका वेळी एकच स्वर ओळखतं, आणि ट्रेबल वाढवलेल्या ॲक्टिव्ह बेसवर गडबडून अडखळतं. 2020 चं ओसी-5 जुना आवाज देतं आणि दोन स्वरही सांभाळतं, तेव्हा जुन्याच्या मागे धावू नका. कोणतंही घेतलं तरी उघडी ई तार सप्तकभर खाली नेऊ नका, 20 हर्ट्झ कुणाच्या कानाला लागत नाही. डी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा 98 हर्ट्झचा स्वर 49 वर आला की मजा येते.

कोरसबद्दल (एक स्वर अनेकांनी मिळून वाजवल्यासारखा करणारं पेडल) एवढंच: खालच्या पट्ट्याला हात न लावणारा निवडा. बॉसच्या सीईबी-3 मध्ये त्यासाठी नॉब आहे, एमएक्सआरच्या एम83 मध्ये स्विच.

घेण्याआधी पाच मिनिटं

स्वतःचा बेस, स्वतःची केबल आणि ताजी बॅटरी घेऊन जा. तिथे ठेवलेल्या पॅसिव्ह बेसवर पेडल तपासलं तर या आढाव्यातलं काहीच कळणार नाही. बेसवरचे सगळे नॉब मधल्या खाचेत ठेवा, पेडलचा ड्राइव्ह किंवा इनपुट सगळ्यात खाली. ई तार जोरात छेडा आणि स्वर पूर्ण विझेपर्यंत थांबा. मग बेसवरचा बेस नॉब वाढवून तेच करा. ब्लेंड पूर्ण स्वच्छ बाजूला असूनही फाटका आवाज येत असेल तर पेडलच्या तोंडाशीच सिग्नल मावत नाहीये. पेडलवर 18 व्होल्ट चालतं असं छापलेलं असेल तर त्यावर पुन्हा ऐका. तसं छापलेलं नसेल तर 18 व्होल्टचा अडॅप्टर लावू नका, पेडल जळेल.