कन्या राशीतला एक ठिपका, माणशी अठराशे रुपये

आधी पैशाचं बोलू. माणशी अठराशे. त्यात स्वारगेटहून बस, वेल्ह्याच्या अलीकडे एका शेतघरावर पिठलं-भाकरीचं जेवण, व्याख्यान, पहाटेपर्यंत दुर्बिणी आणि सकाळी पोहे-चहा. अमावास्येच्या आसपासची एप्रिलमधली रात्र होती. कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण 'क्वेसार' (दूरच्या दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहाचा, मधल्या कृष्णविवरामुळे प्रचंड झळकणारा गाभा), आणि प्रत्यक्षात दिसला तो एक फिकट ठिपका. तरीही माझे पैसे वसूल झाले. बरोबर आलेल्या माझ्या साडूंचे झाले नाहीत, आणि त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहिलं की 'तुमचे कोण लागतात?' असं विचारतात आणि वाईट लिहिलं की फोन येतो. अशा रात्री भरवणारी मंडळी पुण्यात आता बरीच आहेत, त्यामुळे नावापेक्षा काय तपासून जावं ते जास्त उपयोगाचं.

जाहिरातीपासून सुरुवात करतो, कारण माझी मोठी तक्रार तिथेच आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रकावर ते प्रसिद्ध नारिंगी कडं होतं आणि खाली 'कृष्णविवर पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी'. ते चित्र एम-८७ या दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवराचं, २०१९ साली जाहीर झालेलं. जगभरातल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी एकाच वेळी निरीक्षणं घेतली आणि मग दोन वर्षं संगणकावर त्यांची जुळवाजुळव चालली, तेव्हा कुठे ते तयार झालं. वेल्ह्यात बारा इंची दुर्बिणीला डोळा लावून ते कुणालाही दिसणार नाही. बसमध्ये माझ्या शेजारी हिंजवडीतले दोन तरुण होते, ते खास त्या कड्यासाठीच आलेले. त्यांची तोंडं रात्री पाहण्यासारखी झाली होती. उत्तम माल असताना खोटं लेबल कशाला लावायचं, हे मला कळलेलं नाही.

बस अर्धा तास उशिरा सुटली, खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग होती, चेलाडी फाट्याला चहाला थांबलो. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही. पिठलं चांगलं होतं, भाकरी गार. खर्डा मात्र असा होता की दोघांनी कृती विचारून घेतली.

व्याख्यान देणारी मुलगी तिशीतली. अंगणात सतरंज्या, मागे पांढरा फळा, त्यावर लाल बल्ब. प्रोजेक्टर नाही, ॲनिमेशन नाही. मला शंका आली होती, पण दोन तास तिने एकट्या मार्करवर धरून ठेवलं. तिची पद्धत अशी की आधी दाखवायची वस्तू किती क्षुल्लक दिसणार आहे ते स्वच्छ सांगायचं. वस्तूचं नाव थ्री-सी २७३. म्हणजे केंब्रिजच्या रेडिओ स्रोतांच्या तिसऱ्या यादीतली २७३ क्रमांकाची नोंद. दृश्यप्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू फिकट) सुमारे १२.९, म्हणजे नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या जागी जे सर्वात मंद तारे दिसतात त्यांच्याहून पाचशेपटींपेक्षा जास्त फिकट. "ताऱ्यासारखाच दिसेल. काही फरक जाणवणार नाही. साठ वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनाही जाणवला नव्हता," असं म्हणून तिने गोष्ट सुरू केली.

गोष्ट अशी. या यादीतले बरेच स्रोत रेडिओ लहरींत जोरदार, पण आकाशात नेमके कुठे ते कळत नव्हतं. १९६२ मध्ये चंद्र थ्री-सी २७३ च्या आड गेला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांनी तो झाकला जाण्याचा आणि बाहेर येण्याचा क्षण टिपला. चंद्राची कड कुठल्या क्षणी कुठे असते ते अचूक माहीत असतं, त्यामुळे जागा सापडली. त्या जागी एक साधा निळसर तारा. कॅलिफोर्नियात पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीवर मार्टिन श्मिट यांनी त्याचा वर्णपट घेतला आणि त्यातल्या रेषा कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांच्या ध्यानात आलं की त्या आपल्या हायड्रोजनच्याच ओळखीच्या रेषा आहेत, फक्त सगळ्या जवळजवळ १६ टक्क्यांनी तांबड्याकडे सरकलेल्या. एवढी ताम्रसृती म्हणजे वस्तू आपल्यापासून सेकंदाला सुमारे ४७,००० किलोमीटर वेगाने दूर चालली आहे, आणि विश्वाच्या प्रसरणाच्या हिशेबाने ती २४० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास दूर.

इथे तिने मागे हात केला. मागे तोरणा. "हा डोंगर ज्या लाव्ह्याचा बनलाय तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो बाहेर पडत होता तेव्हा तुम्ही आज बघणार तो प्रकाश प्रवासाचा ९७ टक्के भाग संपवून बसला होता." साडू इथे पहिल्यांदा सतरंजीवर नीट उठून बसले.

आता मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. माझी सगळी नोकरी बॉयलरमध्ये गेली. भोसरी, मग चिंचवड, आणि मधली काही वर्षं साखर कारखान्यांवर कमिशनिंगला. कुणी 'प्रचंड ऊर्जा' म्हटलं की माझा पहिला प्रश्न: इंधन कुठलं आणि एफिशियन्सी किती? म्हणून हात वर केला. कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही म्हणता, मग या थ्री-सी २७३ चा चार लाख कोटी सूर्यांएवढा उजेड पडतो कुठून?

"काका, तोच पुढचा फळा आहे," म्हणाली, आणि पुसून नवा फळा सुरू केला. हा अर्धा तास म्हणजे अठराशेतले पंधराशे.

उजेड कृष्णविवरातून येत नाही, त्यात पडायच्या आधी येतो. दीर्घिकेच्या मध्याकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडू शकत नाही, कारण त्याला थोडीफार फिरकी असतेच आणि जवळ जावं तशी ती वाढते. म्हणून कृष्णविवराभोवती वायूची चपटी तबकडी तयार होते. सहावीतल्या एका मुलासाठी तिने मोरीच्या जाळीवर गरगरत जाणाऱ्या पाण्याचा दाखला दिला. मला तो अर्धाच वाटला, कारण मोरीतलं पाणी तापत नाही, आणि इथे सगळा खेळ तापण्याचा आहे. तबकडीतला आतला वायू बाहेरच्यापेक्षा वेगाने फिरतो. शेजारशेजारचे थर एकमेकांवर घासतात, फिरकी बाहेरच्या थरांकडे जाते, वायू हळूहळू आत सरकतो आणि पडताना गमावलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. आतल्या भागाचं तापमान लाखाच्या घरात जातं, म्हणून तो अतिनील प्रकाशात सर्वात जास्त झळकतो.

मी पुन्हा हात वर केला. एवढ्या विरळ वायूत घर्षण कसलं? ती हसली आणि म्हणाली, साध्या घर्षणाने खरंच भागत नाही. तबकडीतली चुंबकीय क्षेत्रं ताणली जाऊन वायूत खळबळ माजवतात आणि ती खळबळ घर्षणाचं काम करते. बाल्बस आणि हॉली या दोघांनी १९९१ मध्ये हे दाखवून दिलं. वायू कृष्णविवरात पडून उजेड पडतो ही कल्पना साल्पीटर आणि झेल्डोविच यांनी १९६४ मध्येच मांडली होती, लिंडन-बेल यांनी १९६९ मध्ये ती पुढे नेली, पण तबकडीतलं घर्षण कुठलं याचं पटेल असं उत्तर मिळायला आणखी वीसेक वर्षं गेली. कमिशनिंगमध्येही असंच असतं: यंत्र चालतं आहे हे आधी दिसतं, का चालतं ते रिपोर्टात नंतर येतं.

मग तिने फळ्यावर आकडे लिहिले. एक किलो कोळसा जाळला तर वस्तुमानाचा अब्जावा भागदेखील ऊर्जेत जात नाही. (आम्ही बॉयलरची एफिशियन्सी ८५ टक्के म्हणून पेढे वाटायचो, ती त्या अब्जाव्या भागातली ८५ टक्के.) हायड्रोजनचा हेलियम होताना, म्हणजे सूर्यात, ०.७ टक्के. कृष्णविवरात पडणाऱ्या वायूतून, कृष्णविवर स्वतःभोवती फिरत नसेल तर सुमारे ६ टक्के, आणि कमाल वेगाने फिरत असेल तर गणितात ४२ टक्क्यांपर्यंत. रोजच्या हिशेबाला सगळे १० टक्के धरतात. तेवढे धरले तर थ्री-सी २७३ ला वर्षाला दोन-तीन सूर्यांएवढा वायू पुरतो. इंधनाचा एवढा कमी खप ऐकून मी गप्प बसलो. २०२४ मध्ये ज्याची बातमी आली तो जे ०५२९-४३५१ हा क्वेसार दिवसाला एक सूर्य फस्त करतो, पण तिथलं कृष्णविवर १७ अब्ज सूर्यांचं आहे.

आकाराचा मुद्दाही तिने छान सोडवला. क्वेसारचं तेज कधीकधी काही आठवड्यांत बदलतं. एखादी वस्तू पलीकडच्या टोकापर्यंत निरोप जायच्या आत एकसाथ उजळू शकत नाही, आणि निरोप प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. म्हणजे उजेड देणारा भाग काही प्रकाश-आठवड्यांहून मोठा असूच शकत नाही. लाखभर प्रकाशवर्षांच्या अख्ख्या दीर्घिकेला फिकं पाडणारा उजेड एवढ्याशा जागेतून! २०१८ मध्ये युरोपीय दुर्बिणी जोडून थ्री-सी २७३ च्या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ३० कोटी सूर्य निघालं. त्याच्या घटना क्षितिजाची (जिथून प्रकाशही परत येत नाही त्या हद्दीची) त्रिज्या काढून बघा, ९० कोटी किलोमीटर येते. आपल्या सूर्याच्या जागी ठेवलं तर गुरूच्या कक्षेच्या जरासं पलीकडे.

सहावीतल्या मुलाच्या आईने विचारलं, मग ते आपल्याला ओढून घेणार नाही ना? उत्तर: लांबून कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या दुसऱ्या कशासारखंच असतं, ते काही शोधत फिरत नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातही ४० लाख सूर्यांचं एक आहे. जवळ वायू फारसा नाही म्हणून उपाशी आहे. क्वेसारांची चलती साधारण हजार कोटी वर्षांपूर्वी होती, तेव्हा वायू मुबलक होता आणि दीर्घिकांच्या टकरी जास्त.

पुण्यातलं व्याख्यान असल्याने तो प्रश्न येणारच होता, आणि आला: "पण नारळीकर सर तर हे मानत नव्हते ना?" तिने तो टाळला नाही याचे तिला वेगळे गुण. खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्प यांचं म्हणणं होतं की काही क्वेसारांची ताम्रसृती अंतरामुळे नाहीच. नारळीकरांनी ते गांभीर्याने घेतलं, त्यासाठी पर्यायी गणितही मांडलं. पुढे चांगल्या दुर्बिणींना क्वेसारांभोवतीच्या दीर्घिका दिसल्या, त्यांची ताम्रसृतीही तीच निघाली, आणि बहुतेकांच्या लेखी वाद मिटला. "सर प्रश्न विचारत राहिले म्हणून बाकीच्यांना उत्तरं नीट द्यावी लागली," एवढंच म्हणून ती पुढे गेली. मागच्या सतरंजीवरचे एक आजोबा यावर आणखी वाद घालायच्या तयारीत होते. त्यांना सुनेने चहा दिला.

जाता जाता तिने खोडदचं सांगितलं. नारायणगावजवळच्या त्या ३० अँटेनांच्या दुर्बिणीवर निरीक्षणाआधी उपकरणं पडताळायला थ्री-सी ४८, थ्री-सी १४७, थ्री-सी २८६ असे क्वेसारच वापरतात, कारण त्यांचं रेडिओ तेज नीट मोजलेलं आहे. कॅलिब्रेशनमध्ये केस पांढरे झालेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटलं.

आता दुर्बिणी. दोन होत्या: एक बारा इंची डॉब्सोनियन आणि एक लहान, आणि माणसं तीसच्या वर. ही दुसरी तक्रार. अकराच्या सुमारास कन्या रास चांगली वर आली. चित्रा सगळ्यांना ओळखता आली, पुढचं काम दुर्बिणीवरच्या मुलाचं. लाल बॅटरीच्या उजेडात, पेन्सिलने काढलेला नकाशा गुडघ्यावर ठेवून, ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत तो जागेवर पोचला. मोटर नाही, त्यामुळे दर मिनिटाला दुर्बीण हाताने सरकवावी लागत होती. माझा नंबर आला तेव्हा नेमका कुणीतरी मोबाईल उघडला आणि डोळ्यांचा अंधार गेला, पुन्हा रांगेत. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "काका, सरळ बघू नका, जरा बाजूला बघा." बाजूला बघितलं की एक टिंब उमटायचं, रोखून बघितलं की विझायचं. थोड्या वेळाने स्थिर झालं. दिसायला काहीच नाही. एवढा उजेड तेहेतीस प्रकाशवर्षांवर असता तर दुसऱ्या सूर्यासारखा तळपला असता, हे फळ्यावरचं वाक्य तेव्हा आठवलं आणि मी आयपीस सोडायला तयार होईना. मागून खाकरण्याचे आवाज आले.

साडूंनी दहा सेकंद बघितलं, "हं" म्हणाले आणि ओमेगा सेंटॉरीच्या रांगेत गेले. नरतुरंगातला तो तारकागुच्छ दक्षिणेला खाली, पण सुंदर दिसतो, आणि ज्यांना बघण्याचं सुख हवं त्यांनी तिथेच वेळ घालवावा. व्याख्यानाच्या वेळी शतपावली घालायला गेलेल्यांना क्वेसारमध्ये शून्य मिळतं. हे आयोजकांनी आधीच सांगायला हवं: जेवणानंतरचे दोन तास बुडवले तर दुर्बिणीत बघण्यासारखं काही नाही.

ईशान्येला पुण्याचा उजेड आकाशात चांगला वीतभर चढलेला असतो, तरी कन्येपर्यंत पोचत नाही. पहाटे गारठा पडतो. सतरंज्या दमट होतात, घरची चटई आणि कानटोपी न्या. स्वच्छतागृह एकच. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, ती बारालाच झोपतात आणि त्यांचे अठराशे फुकट जातात, सवलत नाही.

जायचं तर मार्च ते मेचा पहिला पंधरवडा. नंतर वळवाचे ढग येतात. ढगांमुळे कार्यक्रम रद्द झाला तर पुढची तारीख मिळते, पैसे परत मिळत नाहीत. पत्रकावर हे अगदी बारीक अक्षरांत आहे. पैसे भरायच्या आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: दुर्बिणी किती, आणि व्याख्यानाला तीच मुलगी आहे का.