अर्धा दिवस हातात: वेरूळ की पैठण?

छत्रपती संभाजीनगरला पाहुणे आले की हा प्रश्न आमच्या घरात ठरलेला. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, पैठण पन्नासच्या आसपास. पण अंतरावरून ठरवू नका, वारावरून ठरवा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, मग वादच मिटला.

वेरूळला गेलात तर चौतीसही लेणी बघायचा हट्ट सोडा. हिंदू लेणी १३ ते २९, त्यातलं कैलास म्हणजे १६ वं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कळसाकडून खाली पायाकडे कोरत आणलेलं. म्हणजे चुकलेला घाव सांधायची सोयच नाही! कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचं शिल्प तिथे शोधाच. दार पश्चिमेला आहे, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. दहावी 'अ'च्या सहलीसारखं सकाळी धावत जाऊ नका. वेळ उरलाच तर २९ वं, धुमार लेणं.

पैठणला दगड नाही, रेशीम. मागावर विणकर छोट्या तिल्ल्यांवरचे, म्हणजे कांड्यांवरचे, रंगीत धागे एकेक करून गुंफत पैठणीच्या पदरावर मोर उतरवतात. भरगच्च पदराला महिनेही लागतात. किंमत ऐकून डोळे पांढरे झालेले पाहुणे हे बघून गप्प होतात. संत एकनाथांची समाधी जवळच.

सासूबाई सोबत असतील तर पैठण. पहिल्यांदाच आलेला माणूस असेल तर मात्र वेरूळच, आणि विणकाम बघायचंच असेल तर हिमरू, म्हणजे रेशीम-सुताच्या विणीची, शाल शहरात परतल्यावर बघता येते.