वाइल्ड ट्राउट ट्रस्टची नदी-पाहणी : मासे विकत घेण्याआधी ही मागवा

नदीत मासळी कमी झाली की अँगलिंग क्लबांचा, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या मंडळांचा, पहिला खर्च होतो तो हॅचरीतले (मत्स्यबीज केंद्रातले) मासे आणून सोडण्यावर. ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये तुमचा क्लब त्या विचारात असेल, तर आधी वाइल्ड ट्राउट ट्रस्टची ‘ॲडव्हायझरी व्हिजिट’, म्हणजे सल्ल्यासाठीची नदी-पाहणी, मागवा. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा, आणि त्याच्या नद्या सुधारणं हे या संस्थेचं काम. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला गळ टाकणाऱ्यांचाच मोठा आधार आहे. इंग्लंडमध्ये रॉड लायसन्सच्या (गळाने मासेमारीच्या परवान्याच्या) शुल्कातला काही वाटा एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेमार्फत तिच्याकडे येतो. शिवाय सभासदांची वर्गणी असते आणि दरवर्षी लिलाव होतो, ज्यात क्लब आणि जमीनमालक आपल्या पाण्यावरचे मासेमारीचे दिवस दान करतात.

संस्थेचा तज्ज्ञ दिवसभर तुमच्याबरोबर काठाने चालतो, साधारण एक ते तीन किलोमीटर. नंतर फोटोंसह लेखी अहवाल येतो. पाहण्याची पद्धत सोपी आणि अचूक आहे. ट्राउटला अंडी घालायला स्वच्छ खडी लागते, पिल्लांना उथळ पाण्यात आडोसा लागतो आणि मोठ्या माशाला डोह. यातलं जे कमी पडतंय, तिथेच पैसा घालायचा. खडी हवी दहा ते चाळीस मिलिमीटरची, आणि तिच्या फटींतून पाणी खेळतं हवं. फटी गाळाने बुजल्या की आतली अंडी गुदमरतात. म्हणून बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात ट्रकभर खडी ओतणं वाया जातं. आधी बंधारा काढा किंवा त्याला खिंडार पाडा, म्हणजे वरून येणारी खडी नदी स्वतःच पसरते. बंधारा गुडघाभरच का असेना, त्याच्या पायथ्याशी खोल पाणी नसेल तर माशाला उडी घ्यायला जागाच उरत नाही.

अहवालांचा सर्वांत मोलाचा भाग लाकूडकामाचा. वाळुंजाचं खोड पाऊण कापायचं, साल आणि लाकडाचा पट्टा शाबूत ठेवायचा आणि झाड प्रवाहाच्या दिशेने काठालगत निजवायचं. ते जिवंत राहतं आणि पाण्यातल्या फांद्यांत पिल्लं लपतात. हेझल, हॉथॉर्नही असे निजवता येतात. अल्डर मात्र सहसा मोडतो. मग तो तोडून पोलादी दोराने त्याच्याच बुंध्याला बांधायचा. ओंडके बसवताना सर्वांत जास्त चुका होतात त्या कोनाच्या. पाणी ओंडका ओलांडताना त्याच्याशी काटकोनात पडतं. त्यामुळे पात्रातलं टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूला वळवलं, तर पाणी मध्याकडे लोटलं जातं आणि तिथे डोह कोरला जातो. तेच टोक खाली वळवलं की पाणी काठावर आदळतं आणि पहिल्याच पुरात काठ खचतो. एवढी एक गोष्ट समजून घेतली तरी पाहणीचं सार्थक होतं.

गुरांमुळे काठ तुडवला जात असेल तर अहवाल कुंपण सुचवतो. त्यात फाटक ठेवायला विसरू नका, आत जाऊन तण काढावं लागतं. गुरं बंद झाली की हिमालयातून तिकडे गेलेला गुलाबी तेरडा काठावर माजतो. थंडीत तो मरतो आणि उघडा पडलेला काठ वाहून जातो. बी धरण्यापूर्वीच तो उपटावा, मुळासकट. खालचं पेर राहिलं तर पुन्हा फुटतो.

मासे सोडण्याबाबत संस्था ठाम आहे, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नदीत वांझ ट्रिप्लॉइड किंवा स्थानिक मासळीपासूनच वाढवलेले ब्राउन ट्राउट सोडता येतात. वांझ झाला तरी मासा खातो आणि जागा अडवतोच. आपल्याकडे याची किंमत कावेरीने मोजली. लोणावळ्याच्या वळवण हॅचरीत वाढवलेला निळ्या परांचा महसीर (नदीतला मोठा मासा) देशात अनेक ठिकाणी सोडला गेला. ही जात इथलीच. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये तिचं वर्णन मुळा-मुठेतल्या माशावरून केलं होतं. कावेरीत मात्र ती परकी. तिथे ती फोफावली आणि धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी यांनी आधीच गांजलेला कावेरीचा मूळचा कुबडा महसीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. मासे सोडणाऱ्यांचा हेतू संवर्धनाचाच होता, हे विशेष वाईट.

सेवेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एका दिवसात दिसतं तेवढंच अहवालात येतं. पाण्याचं रासायनिक परीक्षण किंवा माशांची गणना त्यात धरू नका. वरच्या बाजूने सांडपाणी येत असेल किंवा पाणी उपसलं जात असेल, तर ओंडक्यांनी ते भरून निघणार नाही. परवानग्याही क्लबनेच काढायच्या : इंग्लंडमध्ये मुख्य नदीसाठी एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा पूर-जोखीम परवाना, लहान ओढ्यासाठी स्थानिक प्राधिकरणाची संमती.

पाणी कमी असताना, तळ दिसत असताना पाहणी ठेवा. जमीनमालकाला त्या दिवशी काठावर बोलवा. कुंपण त्याच्या शेतात पडणार असतं. मासे पकडल्याच्या जुन्या नोंदी आणि पुराचे फोटो जवळ ठेवा. पात्रातलं काम शरद ऋतूआधी उरका, कारण त्यानंतर ट्राउट खडीत अंडी घालतो. संस्था जुने अहवाल संकेतस्थळावर मोफत ठेवते. सह्याद्रीतल्या ओढ्यांवर काम करणाऱ्यांनीही त्यांतली लाकूड आणि बंधाऱ्यांवरची पानं वाचावीत. आपल्याकडे निजवायला वाळुंज आहे आणि खडकांत घट्ट रुजणारी शेरणी आहे. पण पावसाळी लोंढा तिकडच्यापेक्षा कितीतरी दांडगा असतो, तेव्हा सुटे ओंडके बांधण्याआधी जिवंत काठ राखण्यापासूनच सुरुवात करा.