आतून ताजा रंग: जुनी डेकवाली कनू घेताना मी कसा फसलो

मी पोचलो तेव्हा कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, पाण्यातच होती. काठाला बांधलेली, सीट पुसून लख्ख, वल्हं हाताशी. "आधी चालवून बघा, मग पैशाचं बोलू," असं म्हणणारा विक्रेता कुणाला आवडणार नाही? वीस मिनिटं फिरवली, खूश होऊन परत आलो. त्या वीस मिनिटांत बोटीचा तळ मी एकदाही पाहिला नाही. दिसणार कसा, तो पाण्याखाली होता. ती आधीपासून पाण्यात का सोडून ठेवली होती, हे डोक्यात यायला मला तीन दिवस लागले.

मी नवखा असतो तर एवढं मनाला लागलं नसतं. लांबच्या सफरींच्या डेकवाल्या कनू मी याआधी दोन वापरल्या, मनासारख्या करून घेतल्या आणि विकल्याही. त्यामुळे आपल्याला यातलं कळतं अशी एक घमेंड होती.

ज्यांना ही जात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साधी कनू वरून उघडी असते. डेकवालीला पुढून-मागून झाकण असतं, मधे एकट्याची बसायची जागा, सामान डेकखाली, आणि सुकाणू पायांनी फिरवायचं. लाटेचं पाणी सहजी आत येत नाही. जात जुनी आहे. जॉन मॅकग्रेगर १८६५ साली 'रॉब रॉय' नावाची डेकवाली होडी घेऊन युरोपच्या नद्या फिरला. पण विक्रेत्याने मला गुंडाळलं ते व्हर्लेन क्रूगरच्या नावावर. क्रूगर आणि स्टीव्ह लँडिक या जोडीने १९८० ते १९८३ या काळात अशाच कनूंमधून २८,०४३ मैल, म्हणजे सुमारे ४५ हजार किलोमीटर, वल्हवले. "हिचा घाट त्याच वळणाचा आहे," विक्रेता म्हणाला. घाट खरंच त्या वळणाचा होता. खोटं बोलणाऱ्याने मधे एक खरी गोष्ट पेरली की आपण बाकीची तपासत नाही.

शिवाय ती नुसती कनू नव्हती, 'सगळं लावलेली' होती. उंची कमी-जास्त होणारी सरकती सीट, नकाशा ठेवायची पारदर्शक पिशवी, कंपास, हातपंप, पाणी अडवणारा कापडी घेर, तळाला नवंकोरं रबरी मॅट. मी मनातल्या मनात एकेकाची किंमत लावून बेरीज करत होतो आणि सांगाडा जवळजवळ फुकट पडतोय असं समजत होतो. वास्तविक मला हे चांगलं ठाऊक होतं की जोडसामानाला पुनर्विक्रीत फारसं मोल नसतं. सीट पहिल्या मालकाच्या पायांच्या मापाने बसवलेली असते, आणि कंपाससाठी डेकला पाडलेलं भोक हे पुढच्या मालकासाठी फक्त गळतीची जागा असतं.

उचलताना ती जड लागली. मी तसं म्हणालोही. "अहो, सीट आणि सुकाणूचं वजन आहे ते, शिवाय ओली आहे," असं उत्तर आलं. जाहिरातीत २६ किलो लिहिलं होतं. संध्याकाळ झाली होती, अजून एक जण बघायला येतोय असं तो दोनदा म्हणाला होता. मी पैसे दिले. पावतीवर त्याने रक्कम टाकली आणि पुढे तीन शब्द लिहिले: 'एक जुनी बोट.'

तिसऱ्या दिवशी सीट माझ्या मापाची करायला सोडवली आणि मॅट उचललं. खाली करड्या रंगाला नखाएवढा फुगा आला होता. दाबला तर मऊ. नखाने खरवडला तर रंगाचा पापुद्राच निघाला, आणि त्याखाली गाडीच्या पत्र्याला भरतात तसली पुट्टी, भिजलेल्या खडूसारखी. स्क्रू ड्रायव्हरने ती काढत गेलो तसतशी खालची भेग पुढे सरकत गेली. सीटच्या बोल्टपासून निघून डेकखाली शिरलेली, वीतभरापेक्षा लांब. कुठेतरी खडकावर बसून केव्हलारचे, म्हणजे ज्या मजबूत कृत्रिम धाग्यांच्या कापडाची ही बोट घडवली होती त्याचे, थर सुटले होते. केव्हलार घासायला गेलं की कापलं जात नाही, त्याचे तंतू कापसासारखे फुलतात. म्हणून त्याची दुरुस्ती कटकटीची असते आणि म्हणूनच कुणीतरी ती न करता वर पुट्टी थापून रंग दिला होता.

मग वजन केलं. एवढी लांब वस्तू काट्यावर कशी ठेवायची, असं वाटतं, पण सोपं आहे. एक टोक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. आकडा लिहा, अदलाबदल करा, बेरीज करा. सीट काढूनही ३३ किलो भरली. मागच्या टोकात तरंगण्यासाठी फोम असतो, तिथे हात घालून दाबला तर बोटांतून पाणी गळलं. मूळचा फोम काढून कुणीतरी डब्यातून फवारायचा, फटी बुजवायचा फोम भरला होता. तो हळूहळू पाणी पितो. पाव कापायच्या सुरीने त्याचे तुकडे करून बाहेर काढता काढता दोन बादल्या भरल्या, आणि वास तर विचारू नका.

वयाचंही खोटंच निघालं. १९७२ पासून अमेरिकेत बनलेल्या बोटींवर बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. कनूवर तो उजव्या अंगाला, मागच्या टोकाजवळ, काठाच्या जरा खाली. १९८४ नंतरच्या बोटींमध्ये त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. माझ्या कनूवर नेमक्या त्या जागी एक मोठं देखणं स्टिकर होतं. मी त्याचं कौतुकही केलं होतं. खालून निघालेला क्रमांक विक्रेत्याने सांगितलेल्या वर्षापेक्षा चौदा वर्षं जुना होता. बरं झालं, निदान क्रमांक होता. तो घासून काढलेला असता तर बोट चोरीची असल्याचीही धास्ती.

फोन केला. पहिल्यांदा "असं कसं होईल" झालं, दुसऱ्यांदा "जशी होती तशी दिली, तुम्ही चालवून बघितलीत की," आणि मग फोन उचलणं बंद. जाहिरात तोवर काढून टाकली होती आणि तिचा स्क्रीनशॉट मी घेतला नव्हता. तक्रार करायला हातात काय, तर ते तीन शब्द. पावतीवर वजन, वर्ष, क्रमांक आणि 'दुरुस्ती झालेली नाही' हे एक वाक्य त्याच्या सहीने असतं तर बोलायला तोंड होतं.

यातली मला सर्वात टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. विकायच्या आधी आतून रंगाचा हात मीही मारलेला आहे. खाली काही लपवायचं नव्हतं, नुसती स्वच्छ दिसावी म्हणून. पण घेणाऱ्याला ते कळणार कसं? उघड्या कनूत निदान वाकून सगळा तळ दिसतो. डेकवालीत निम्म्याहून जास्त भाग झाकणाखाली, त्यात रंग दिला की उरलेलाही गेला. रंग न दिलेल्या केव्हलारमध्ये रात्री आतून टॉर्च लावला तर बाहेर पिवळट उजेड झिरपतो आणि ठिगळ असेल तिथे काळा डाग दिसतो. नाण्याने ठोकत गेलं की थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. दोन्ही मला येत होतं. करायचं मात्र सुचलं नाही, कारण मी कंपास बघत होतो.

कनू अखेर दुरुस्त केली. भेगेवर आतून कापडाचे तीन थर इपॉक्सीत, म्हणजे सुकून घट्ट होणाऱ्या राळेत, बसवले, नवा बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम घातला. वजन २८ वर आलं. आता दिलेल्या किमतीच्या निम्म्याला विकायला काढली आहे, सीट सुटी, मॅट गुंडाळून बाजूला, ठिगळ उघडं. परवा एक जण आला होता. मी टॉर्च त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, आधी तळ बघा. त्याने टॉर्च डेकवर ठेवला, नकाशाची पिशवी उचलली आणि विचारलं, "ही सोबत मिळेल ना?"