पहिला अल्बम, लाँच गिग आणि बँडकॅम्प: वापरावं का?

इंडी-पॉपवाल्या, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणाऱ्या कुणाचा पहिला अल्बम आला की आपण काय करतो, स्टोरीला हार्ट टाकतो, लाँचच्या गिगला जाऊन दोन गाणी शूट करतो आणि घरी येऊन फुकटात स्ट्रीम करत बसतो. आता स्पॉटिफायचा 2024 पासूनचा नियम असा की एखादं गाणं वर्षभरात 1,000 वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच नाहीत, म्हणजे नवीन माणसाच्या अल्बममधली बरीचशी गाणी तिथेच गारद. म्हणून बँडकॅम्पबद्दल, म्हणजे कलाकार आपलं संगीत थेट ऐकणाऱ्यांना विकतात त्या साइटबद्दल लिहितोय.

इथे अल्बम सरळ विकत मिळतो. किंमत कलाकार ठरवतो, आणि त्याने मुभा ठेवली असेल तर आपण वर जास्तही देऊ शकतो. डिजिटल विक्रीवर कंपनी 15 टक्के घेते, टी-शर्ट, कॅसेट, व्हिनाइलवर 10, आणि पेमेंटचा खर्च वगैरे जाऊन सरासरी 82 टक्के कलाकाराकडे जातात असं ते स्वतः सांगतात. माझ्या मते एवढं एक कारण पुरे आहे. शिवाय डाउनलोड फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये मिळतं, फाइल आपली, उद्या लायसन्स संपलं म्हणून गायब होणार नाही. साइटवर नुसतं ऐकायला मात्र 128 केबीपीएसचं, म्हणजे कमी दर्जाचं एमपीथ्री वाजतं, चांगल्या हेडफोनवर फरक कळतो.

न्यूयॉर्कची ग्रेटा क्लाइन, म्हणजे फ्रँकी कॉसमॉस, हिने घरच्या घरी रेकॉर्ड केलेलं ढीगभर सामान आधी इथेच टाकलं होतं, मग 2014 ला स्टुडिओतला पहिला अल्बम आला, 10 गाणी आणि सगळं मिळून जेमतेम 17 मिनिटं! कोणती रेकॉर्ड कंपनी असल्या पोरीला सुरुवातीला दारात उभं करणार होतं?

लाँच गिगसाठी भारी गोष्ट म्हणजे डाउनलोड कोड. सीडी प्लेअर आता कुणाकडे आहे, तर कलाकार छोट्या कार्डावर कोड छापून टेबलावर विकतो, आपण घरी जाऊन साइटच्या 'यम' नावाच्या पानावर तो टाकायचा की अल्बम आपल्या कलेक्शनमध्ये. (नाव कुणी ठेवलं देव जाणे.)

आता रडगाणं. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलं, त्यामुळे पुण्याच्या माणसाने मुंबईच्या गायिकेचा अल्बम पेपालने घ्यायचा म्हटलं तर बोंबच, किमतीही बहुतेक डॉलर-पाउंड-युरोत. म्हणून आपल्याकडच्या गिगला गेलात तर सरळ टेबलावरच्या क्यूआरवर यूपीआय मारा आणि कोडचं कार्ड घ्या, बँडकॅम्पचा वाटा पण वाचतो. मालकीचंही जरा लटकंतीच आहे, 2022 ला एपिक गेम्स या व्हिडिओ गेमवाल्यांनी ही कंपनी घेतली, 2023 ला साँगट्रेडर या संगीत लायसन्सिंगच्या कंपनीला विकली आणि त्यात निम्म्या लोकांना नारळ दिला. तरी साइट अजून तशीच साधी आहे, जाहिराती नाहीत, हे नशीब.

माझ्याकडून पाचपैकी चार. परदेशातल्या कुणाचा पहिला अल्बम घ्यायचा असेल तर बँडकॅम्प फ्रायडेपर्यंत थांबा, त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते, मार्च 2020 मध्ये कोविडमुळे सुरू केलं होतं. फक्त वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी सुरू होऊन शनिवारी दुपारपर्यंत चालतं, सकाळीच घाई करू नका.