इलेक्ट्रिक एमटीबी घेताय? आधी मागच्या चकतीचे दात मोजा

पुण्यातल्या एका दुकानातून मी हब मोटरची (मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी) इलेक्ट्रिक एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक घेतली. सिंहगडाचा घाट चढायचाय, हे आधीच सांगितलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोटेशनमध्ये पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळची चकती) आणि मागे ११-४२ कॅसेट (चकत्यांचा संच; सर्वांत लहान चकती ११ दातांची, मोठी ४२ ची) असं स्पष्ट होतं. पक्क्या बिलावर मात्र नुसतं 'गिअर सायकल, इलेक्ट्रिक'. प्रत्यक्षात पुढे ४२ आणि मागे १४-२८ चं सात गिअरचं साधं फ्रीव्हील (आट्यांवर फिरवून बसवायचा चकत्यांचा संच) निघालं. मागे मोठी प्लॅस्टिकची तबकडी लावलेली, त्यामुळे चकत्या भरघोस दिसतात. ट्रायल अर्थातच सपाट रस्त्यावर.

फरक किती पडतो बघा. साडेसत्तावीस इंची चाकावर पुढे ३४, मागे ४२ असताना पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.८ मीटर जाते, पुढे ४२, मागे २८ असताना ३.३ मीटर. अंतर जितकं कमी, तितका गिअर हलका. म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर घाटात ताशी १२ किलोमीटरने चढावं लागणार! गोळेवाडीच्या पुढे चढ लागला की पाय जड होतात, फेऱ्या मंदावतात.

"मोटर आहे ना साहेब, गिअर कशाला बघता?" हे दुकानदाराचं पालुपद. मिड ड्राइव्हमध्ये (मोटर पेडलपाशी असते) मोटरचा जोर चेनमधून जातो, त्यामुळे हलका गिअर मोटरलाही उपयोगी पडतो. हब मोटर थेट चाक फिरवते, गिअरचा फायदा फक्त आपल्या पायांना. पाय थकले की सगळा भार मोटरवर. मग ती रखडत चालते, तापते, बॅटरी भराभर उतरते. माझ्या सायकलचा सेन्सर पेडल फिरलं की मोटर सुरू करणारा. चढावर थांबून पुन्हा निघायचं तर जड गिअरमध्ये पेडलच फिरत नाही, मग मोटर कशी सुरू होणार? थ्रॉटल पिळायचा आणि मोटर आणखी तापवायची.

मागच्या बारीक, वेगासाठीच्या चकत्यांची तर गंमतच आहे. नोंदणी न लागणाऱ्या २५० वॉटच्या सायकलची मोटर ताशी २५ ला मदत थांबवते. त्यापुढच्या वेगाचे गिअर कोणासाठी?

खरी मेख पुढे. "कॅसेट बदलून द्या" म्हटलं, तर या मोटरच्या कवचावर फ्रीव्हीलचे आटे आहेत, कॅसेट बसतच नाही! बसवायची तर मोटरसकट चाक बदला. हे कोटेशन देताना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी सर्वांत मोठ्या चकतीच्या एका दाताला खडूची खूण करून दात मोजा, आणि दोन्हीकडचे आकडे बिलावर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

मी शेवटी पदरच्या पैशाने मागे १४-३४ चं फ्रीव्हील आणि पुढे ३४ चा क्रँक (चेनरिंगसकट पेडलचे दांडे) बसवला. घाट आता चढतो, पण कबूल केलेल्या गिअरइतका सहज नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कोटेशनच्या स्क्रीनशॉटसह तक्रार केली, तेव्हा कुठे दुकानदार कॅसेटच्या किमतीतला फरक द्यायला तयार झाला. चाक बदलून द्यायला अजूनही नकारच आहे.