थेम्सकाठचं घर : जुनं वळण की नवे रंग?

थेम्सकाठच्या दोन नव्या वसाहती : ग्रीनहाइथचं इंग्रेस पार्क आणि लंडनमधल्या ग्रीनिचचं मिलेनियम व्हिलेज. दोन्ही जागा एकेकाळी कारखान्यांच्या. केंटमधल्या ग्रीनहाइथला कागदगिरणी होती. तिथे इंग्रेस पार्क उभं राहिलं. उतरती छपरं, उभट खिडक्या आणि मध्ये इंग्रेस ॲबी हा १८३३चा दगडी वाडा. नवख्याला नवी घरंही जुनीच वाटावीत! फक्त हे वळण गिरणीचं नव्हे, जमीनदाराच्या वाड्याचं. मला तेच जरा खटकतं.

ग्रीनिचच्या गॅस कारखान्याच्या जागेवरचं मिलेनियम व्हिलेज वय लपवत नाही. राल्फ अर्स्किनचा आराखडा, रंगीत भिंती, शेजारी तळी नि बोरू. नॉर्थ ग्रीनिचचं ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, स्टेशनही जवळ. रोज मध्य लंडन गाठणाऱ्याने इथेच राहावं. गल्लीत उघडणारं स्वतःचं दार हवं, तर ग्रीनहाइथ. ओहोटीचा चिखल दोन्हीकडे सारखाच.